वाचकांची पत्रं: वर्गातून विधिमंडळाकडे

व्हर्जिनियात ४ नोव्हेंबर २०२५ ला गझाला हाश्मी लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून, म्हणजे गव्हर्नरखालच्या दुसऱ्या क्रमांकाच्या पदावर, निवडून आल्या. जन्म हैदराबादचा, पेशा प्राध्यापकीचा. अमेरिकेत राज्यभराच्या मतदानातून एखाद्या पदावर पोहोचलेल्या त्या पहिल्या मुस्लिम महिला. निकालानंतर या सदराकडे त्याच विषयावरची पत्रं एकामागून एक येत राहिली. त्यांतली तीन या अंकात घेते. मी मूळची लातूरची. व्हर्जिनियाची राजधानी रिचमंड, तिच्याजवळ चेस्टरफील्ड काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) राहते, निवृत्त होईपर्यंत एका कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या स्थानिक कॉलेजात) गणित शिकवलं आणि २०१९ मध्ये हाश्मीबाई पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्यासाठी दारोदार फिरले. या विषयात मी तटस्थ नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं.

ताई, मी हेन्रायको काउंटीतल्या मिडल स्कूलमध्ये विज्ञान शिकवते. पुण्यात बी.एड. केलं, लग्नानंतर इथे आले, डिपेंडंट व्हिसावर बरीच वर्षं घरी होते. मग ग्रीन कार्ड, शिक्षकाचं लायसन्स, नोकरी. यंदा नागरिकत्वही मिळालं. शाळेतल्या मैत्रिणी म्हणतात, स्कूल बोर्डाला उभी राहा. सासूबाई आणि नवरा दोघांनाही ते पटत नाही. राजकारण आपल्यासारख्यांचं काम नाही म्हणतात. माझं इंग्रजी भारतीय वळणाचं आहे, पैसा नाही, ओळखी नाहीत. हाश्मी तर चार वर्षांच्या असताना आल्या, त्यांचं वेगळं. माझ्यासारखीने हा विचार करावा का?
एक शिक्षिका, हेन्रायको

करावा. मनापासून सांगते, करावा. पण आधी कायद्याचं पाहू, कारण तुमच्या मैत्रिणींचा सल्ला तिथेच अडतो. स्कूल बोर्ड म्हणजे काउंटीच्या शाळांचा कारभार पाहणारं मंडळ. व्हर्जिनियात ज्या स्कूल बोर्डाच्या शाळेत आपण नोकरी करतो, त्याच बोर्डावर आपल्याला बसता येत नाही. तुम्ही हेन्रायकोत राहता आणि हेन्रायकोतच शिकवता. म्हणजे बोर्डावर गेलात तर नोकरी सोडावी लागेल. ती सोडायची तुमची इच्छा आहे असं पत्रातून मला कुठे दिसलं नाही.

राज्याच्या विधिमंडळाची, म्हणजे जनरल असेंब्लीची वाट मात्र तुम्हाला मोकळी आहे. तुमच्याच काउंटीत हायस्कूलला नागरिकशास्त्र शिकवणारे स्कायलर व्हॅनव्हॉल्कनबर्ग २०१७ मध्ये हाउस ऑफ डेलिगेट्समध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात गेले (तिथल्या सभासदाला डेलिगेट म्हणतात) आणि २०२३ मध्ये सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात. हे शक्य होतं कारण इथलं विधिमंडळ अर्धवेळ चालतं. जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी अधिवेशन सुरू होतं. सम वर्षी ते साठ दिवसांचं असतं, विषम वर्षी त्याहून छोटं. मानधनही तसंच, सिनेटरला वर्षाला १८,००० डॉलर आणि डेलिगेटला १७,६४०. त्यावर घर चालत नाही, म्हणून बहुतेक सभासदांचा दुसरा पेशा असतो. वकील खूप आहेत. शिक्षक असायला हवेत तितके नाहीत.

पात्रता अगदी साधी आहे. वय २१, राज्यात एक वर्ष वास्तव्य, मतदारसंघात घर, मतदार म्हणून नोंद. जन्माने अमेरिकन असण्याची अट राष्ट्राध्यक्षाला आहे, डेलिगेटला नाही आणि व्हर्जिनियाच्या गव्हर्नरलाही नाही. गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर यांना नागरिकत्व, वय ३० आणि निवडणुकीआधीची सलग पाच वर्षं राज्यात वास्तव्य व मतदार-नोंद एवढंच लागतं. आपल्या लोकांत याबद्दल फार गैरसमज आहे. नागरिकत्व घेऊन वीस-वीस वर्षं झालेली माणसं मला सांगतात, आपल्याला थोडंच उभं राहता येतं!

आता हाश्मीबाईंचं. त्यांचा जन्म १९६४ चा. वडील जॉर्जियात प्राध्यापक होते आणि त्या स्टेट्सबरो नावाच्या छोट्या गावात वाढल्या. तिथल्याच जॉर्जिया सदर्नमधून इंग्रजीची पदवी घेतली, मग अटलांटाच्या एमरी विद्यापीठातून अमेरिकन साहित्यात पीएच.डी. १९९१ मध्ये नवऱ्याबरोबर रिचमंड भागात आल्या आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं शिकवलं. आधी रिचमंड विद्यापीठात, मग रेनॉल्ड्स कम्युनिटी कॉलेजात. शिक्षकांना अधिक चांगलं शिकवता यावं म्हणून त्या कॉलेजने जे केंद्र काढलं, त्याच्या त्या पहिल्या संचालक.

या तीस वर्षांत त्यांनी एकही निवडणूक लढवली नाही, हे तुम्ही ध्यानात घ्या. जानेवारी २०१७ मध्ये सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदीचा हुकूम निघाला. आपल्याला आणि आपल्या मुलींना या देशात जागा आहे की नाही, हा प्रश्न त्या वेळी पडला, असं त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं आहे. दोन वर्षांनी, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्या सिनेटच्या दहाव्या मतदारसंघातून उभ्या राहिल्या. त्या वेळी या मतदारसंघात रिचमंड शहराचा काही भाग, चेस्टरफील्डचा काही भाग आणि संपूर्ण पोव्हाटन काउंटी. समोर विद्यमान रिपब्लिकन सिनेटर. डेमोक्रॅट हाश्मीबाईंना सुमारे ५४ टक्के मतं पडली, आणि त्याच निवडणुकीत व्हर्जिनियाची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटिक पक्षाकडे आली.

मी त्या उन्हाळ्यात फोनवरची मतदारांची यादी घेऊन फिरत होते. पोव्हाटनमधल्या एका अंगणात एका गृहस्थांनी मला विचारलं, तुमच्या या बाई मूळच्या कुठल्या? मी खरं ते सांगितलं. मग म्हटलं, त्या कम्युनिटी कॉलेजात शिकवतात. ते लगेच म्हणाले, माझी मुलगी तिथेच नर्सिंग करतेय. त्यानंतर आम्ही फीबद्दल बोललो, संध्याकाळच्या वर्गांबद्दल बोललो, अ‍ॅनाटॉमीच्या वर्गात जागा मिळायला किती थांबावं लागतं याबद्दल बोललो. त्यांनी मत कुणाला दिलं कोण जाणे. पण बाई कुठल्या हा विषय पुन्हा निघाला नाही. असं मी त्या उन्हाळ्यात वारंवार पाहिलं. कम्युनिटी कॉलेजात रात्रपाळी करणारा तरुण येतो, दोन मुलांची एकटी आई येते, सैन्यातून परतलेला माणूस येतो, नुकताच आलेला निर्वासित येतो. तिथे शिकवणाऱ्याला मतदारसंघातली घरं आतून ठाऊक असतात, आणि पंचवीस वर्षं पक्षाच्या कार्यालयात बसूनही ती ओळख होईलच असं नाही.

तुम्ही ओळखी नाहीत असं लिहिलंत, त्याबद्दल माझं हेच म्हणणं आहे. दर वर्षी तुमच्या वर्गात शंभरेक मुलं येत असणार. त्यांचे आईवडील तुम्हाला ओळखतात. कुणाकडे इंटरनेट नाही, कुणाचा डबा येत नाही, कुणाची बस पाऊण तास उशिरा येते, हे तुम्हाला ठाऊक आहे. ओळख म्हणतात ती हीच.

पण या ओळखीला अभ्यासाची जोड द्या. शाळेचा पैसा कुठून येतो हे आपल्याकडच्या शिक्षकांनाही नीट माहीत नसतं. व्हर्जिनियात कुठल्या शाळेला किती शिक्षक आणि कर्मचारी लागतात, हे राज्य ‘स्टँडर्ड्स ऑफ क्वालिटी’ नावाच्या मानकांवर ठरवतं. मग काउंटीची ऐपत एका निर्देशांकाने मोजतात, त्यावरून राज्य किती देणार आणि काउंटी किती घालणार हे ठरतं. विधिमंडळाच्याच आढावा समितीने, जिला इथे सगळे जेलार्क म्हणतात, २०२३ मध्ये अहवाल दिला: हे सूत्र शाळांची खरी गरज कमी धरतं, आणि व्हर्जिनियातल्या शाळांना दर विद्यार्थ्यामागे मिळणारा पैसा देशाच्या सरासरीपेक्षा १४ टक्क्यांनी कमी आहे. २००९ च्या मंदीत सपोर्ट स्टाफच्या निधीवर जी मर्यादा घातली, तीही पुढे वर्षानुवर्षं तशीच राहिली. तुमच्या प्रयोगशाळेत मदतनीस का नाही, याचं उत्तर मुख्याध्यापकांकडे नसून रिचमंडच्या कॅपिटलमध्ये, म्हणजे राज्याच्या विधानभवनात आहे, आणि वॉशिंग्टनमध्ये तर मुळीच नाही. आपली मंडळी राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीवर रात्र-रात्र वाद घालतात आणि ज्या सभागृहात आपल्या मुलांच्या शाळेचं सूत्र ठरतं तिथल्या आपल्या डेलिगेटचं नाव त्यांना सांगता येत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

हाश्मीबाई हा विषय सोडून गेल्या नाहीत, म्हणून मला त्यांचं मोठं कौतुक. सिनेटमध्ये २०२४ पासून त्या शिक्षण आणि आरोग्य समितीच्या अध्यक्ष झाल्या. गर्भनिरोधकांच्या हक्काचं विधेयक त्यांनी मांडलं, दोन्ही सभागृहांत मंजूर करून घेतलं, गव्हर्नरने नकाराधिकार वापरला, तर पुढच्या वर्षी पुन्हा आणलं, आणि पुन्हा नकार आला. जून २०२५ ची पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक सहा जणांत झाली. रिचमंडचे माजी महापौर समोर होते, व्हर्जिनिया बीचचे सिनेटर होते. बाई २७ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन अगदी थोडक्यात पुढे आल्या. नोव्हेंबरमध्ये मात्र निकाल स्पष्ट होता. जानेवारी २०२६ मध्ये शपथ घेतल्यावर चाळीस जणांच्या सिनेटचं अध्यक्षस्थान त्यांच्याकडे आलं आणि समसमान मतं पडली तर निर्णायक मत त्यांचं असतं. एक योगायोग सांगते. ज्या कॉलेजात त्यांनी शिकवलं, ते ज्यांच्या नावाने आहे ते जे. सार्जंट रेनॉल्ड्स व्हर्जिनियाचे लेफ्टनंट गव्हर्नरच होते. १९७१ मध्ये पदावर असतानाच ऐन तारुण्यात वारले. त्या कॉलेजातली एक प्राध्यापिका त्यांच्याच पदावर गेली.

तुमचं म्हणणं खरं आहे, बालपणी येणं आणि लग्न होऊन येणं यात फरक आहेच. म्हणून तुम्हाला दुसरं नाव देते. स्वाती दांडेकर. जन्म नागपूरचा, पदवी नागपूर विद्यापीठाची. १९७३ मध्ये त्या आयोवात आल्या, सीडर रॅपिड्सजवळच्या मॅरियन गावात राहिल्या. १९९६ मध्ये तिथल्या लिन-मार स्कूल बोर्डावर निवडून आल्या, २००२ मध्ये आयोवाच्या हाउसवर, पुढे सिनेटवर. भारतात जन्मलेल्या व्यक्तीने अमेरिकेत राज्याच्या विधिमंडळात निवडून जाणं तोवर जवळपास कुणी पाहिलं नव्हतं. नंतर ओबामांच्या काळात त्या आशियाई विकास बँकेवर अमेरिकेच्या प्रतिनिधी झाल्या. २००२ च्या प्रचारात त्यांच्या प्रतिस्पर्धी उमेदवाराची एक ईमेल बाहेर आली होती. भारतात वाढलेली बाई इथल्या मूल्यांचं प्रतिनिधित्व कसं करणार, असा तिचा रोख. मक्याच्या शेतांच्या त्या राज्यातल्या मतदारांनी ती वाचली आणि दांडेकरबाईंना निवडून दिलं. सहा वर्षं त्यांनी बोर्डावर बसून बसचे मार्ग आणि शाळांची बजेटं पाहिली होती. लोकांना त्या बाई माहीत होत्या. तुमच्या इंग्रजीबद्दलही मी एवढंच सांगेन. बारा-तेरा वर्षांची मुलं दिवसभर तुमचं ऐकून विज्ञान शिकतात. त्यांच्या आईबापांनाही तुमचं बोलणं कळेल.

पैशाचं खोटं बोलणार नाही. व्हर्जिनियात देणग्यांवर मर्यादा नाही, त्यामुळे चुरशीच्या जागेवर प्रचंड पैसा ओतला जातो. पण मतपत्रिकेवर नाव आणायला लागतात सह्या. हाउससाठी मतदारसंघातल्या १२५ मतदारांच्या, सिनेटसाठी २५०. सह्या गोळा करणाऱ्याने प्रत्येक कागद नोटरीसमोर प्रमाणित करायचा असतो. पत्ता चुकला, मतदारसंघाबाहेरचा माणूस निघाला, की सही बाद. दुपटीने गोळा करा. हाउस आणि सिनेट दोन्हींची पुढची निवडणूक नोव्हेंबर २०२७ मध्ये आहे, त्यासाठी सह्या १ जानेवारी २०२७ पासून घेता येतील. म्हणजे तोवरचा वेळ तुमच्या हातात आहे. अधिवेशन चालू असताना एखाद्या दिवशी रजा टाकून जनरल असेंब्लीच्या इमारतीत जा. समितीच्या बैठका लोकांना खुल्या असतात, नाव नोंदवून बोलता येतं. स्वतःच्या विषयावरच्या एखाद्या विधेयकावर दोन मिनिटं बोला. आणि त्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी प्रचारात काम करा, म्हणजे सारं जवळून दिसेल.

राहिलं घर. सासूबाईंना रागावू नका. त्यांनी पाहिलेलं राजकारण त्यांना घाबरवतं, आणि त्यांची भीती निराधार नाही. उमेदवाराचा पत्ता सार्वजनिक कागदांवर येतो. घाणेरडे संदेश येतात, बाईला जास्त येतात, आपल्या रंगाच्या बाईला त्याहून जास्त. नवऱ्याशी बोलताना ध्येयाची भाषा बाजूला ठेवा आणि कॅलेंडर घेऊन बसा. जून ते नोव्हेंबर शनिवार-रविवार दारोदार जाणार. मुलांना कोण नेणार-आणणार, स्वयंपाक कोण करणार, निवडून आल्यास जानेवारी ते मार्च शाळेतून रजा कशी मिळेल, पगार किती कापला जाईल. मुख्याध्यापकांशी आधी बोला, नंतर कळलं तर मनं दुखावतात. माझ्या माहितीतल्या दोन घरांत विरोध मावळला तो यजमान पहिल्यांदा स्वतः यादी घेऊन दारोदार गेले तेव्हा. लोक पाणी विचारतात, कुत्रा आवरतात, ऐकून घेतात. सासूबाईंनाही एखाद्या संध्याकाळी बरोबर न्या.

सप्रेम नमस्कार. हाश्मीबाई हैदराबादच्या, म्हणून आपलेपणा वाटला. आपल्याकडे विधान परिषदेत शिक्षकांसाठी राखीव मतदारसंघ आहेत. अमेरिकेत शिक्षकांना तशी सोय आहे का? नसल्यास तिथले शिक्षक विधिमंडळात आपला आवाज कसा पोहोचवतात?
एक निवृत्त मुख्याध्यापक, परभणी

गुरुजी, नमस्कार. व्हर्जिनियात तशी सोय नाही. सिनेटच्या ४० आणि हाउसच्या १०० जागा सगळ्या भौगोलिक मतदारसंघांच्या आहेत. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ पैकी ७ जागा शिक्षकांच्या आणि ७ पदवीधरांच्या, ही व्यवस्था इथल्या लोकांना सांगितली की ते चकित होतात. माझे सहकारी तर हेव्याने ऐकायचे.

तरीही माझं मत विचाराल तर मला इथली पद्धत जास्त आवडते. आपल्याकडच्या शिक्षक मतदारसंघात माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनाच मत आहे, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या बाईंना नाही. प्रचारात पेन्शन, अनुदान आणि वेतनश्रेणी हे विषय असतात. ते महत्त्वाचे आहेत, मी शिक्षकाच्या घरातली आहे, मला त्यांची किंमत माहीत आहे. पण शिक्षक फक्त शिक्षकांकडेच मत मागतो तेव्हा शाळेविषयी बाकीच्यांशी बोलायची गरज त्याला उरत नाही. हाश्मीबाईंना तंबाखू पिकवणाऱ्याकडे, निवृत्त फौजदाराकडे, मूलबाळ नसलेल्या जोडप्याकडे जाऊन शाळा त्यांचीही कशी आहे हे पटवावं लागलं. शिक्षकांची संघटना इथेही आहे, ती उमेदवारांना पाठिंबा जाहीर करते आणि अधिवेशनात गावोगावचे शिक्षक कॅपिटलला येतात. राखीव जागा मात्र नाही.

आणि हैदराबादचा उल्लेख तुम्ही आपलेपणाने केलात, तो मला पोहोचला. माझे आजोबा तिथल्या उस्मानिया विद्यापीठात शिकले होते. निकालाच्या रात्री लातूरला माझ्या भावाला फोन केला, तर तो म्हणाला, म्हणजे आपल्याच मुलखातली म्हणायची.

मी एच-वन-बी वर आहे, ग्रीन कार्डाच्या रांगेत. मत नाही, पण आमच्या भागातल्या एका शिक्षिका-उमेदवाराला मदत करायची आहे. चालेल का?
एक वाचक, शॉर्ट पंप

चालेल, मर्यादेत राहून. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम करता येतं: दारोदार फिरणं, फोन करणं, पत्रकं वाटणं. खर्चाचे निर्णय घेण्यात सहभागी व्हायचं नाही. देणगी एक डॉलरही द्यायची नाही, बायकोच्या नावानेही नाही. ती मुभा ग्रीन कार्ड झाल्यावर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डीएमव्हीत, म्हणजे इथल्या आरटीओत, लायसन्सचा फॉर्म भरताना मतदार-नोंदणीचा प्रश्न येतो, तिथे नागरिक नसल्याचंच उत्तर द्या. खिडकीवरच्या माणसाने घाई केली तरी फॉर्म पुन्हा वाचा. चुकून नोंद झाली तरी पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ती फार महागात पडते. नोंद झाल्याचं पत्र घरी आलंच, तर त्याच आठवड्यात इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा.